साल्तियोचं वाळवंट संग्रहालय आणि रिंकॉन कोलोराडोची टेकडी: आधी जबडे बघा

मी अठ्ठावीस वर्षं डेंटल लॅबमध्ये काम केलं. कवळ्या, क्राउन, ब्रिज. टेबलावर सतत कुणाचा ना कुणाचा प्लॅस्टरमध्ये ओतलेला जबडा. त्यामुळे कुठल्याही संग्रहालयात गेले की माझी नजर आधी दातांवर जाते, प्राणी नंतर दिसतो. मुलगी आणि जावई मेक्सिकोत साल्तियोला असतात, कोआविला राज्याची ही राजधानी. या खेपेला त्यांच्याकडे दोन महिने राहिले. त्या दोन महिन्यांत म्युझेओ देल देसिएर्तो, म्हणजे वाळवंट संग्रहालय, तीनदा पाहिलं आणि एकदा रिंकॉन कोलोराडोची टेकडी चढून आले. दोन्हींबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहिते आहे.

खरं तर आधी टेकडीवर जायचं ठरलं होतं. एका सहल कंपनीकडे पैसे भरले, सकाळी सातला न्यायला येतो म्हणाले. आठ वर्षांची नात टोपी घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून पायरीवर बसली. साडेनऊपर्यंत कुणी आलं नाही, फोनही उचलला नाही. पैसे परत मिळायला अकरा दिवस लागले. पोरीचा चेहरा बघवेना, म्हणून तिला घेऊन संग्रहालय गाठलं. तेच बरं झालं. तुम्हीही याच क्रमाने जा. टेकडीवर जे दिसतं ते हाडाचे तुकडे असतात. तो तुकडा कशाचा असू शकतो हे डोक्यात असल्याशिवाय तिथे नुसती लाल माती दिसेल.

संग्रहालय १९९९ साली सुरू झालं. पहिलं दालन या वाळवंटाच्या भूतकाळाचं आहे, आणि संग्रहालयापुरतं मी या लेखात त्याच दालनाबद्दल बोलणार आहे. माणसाचा इतिहास, जिवंत साप, प्रेअरी डॉग, निवडुंग हे सगळं पुढे आहे, छान आहे, मुलांना फार आवडतं. पण वेळ कमी असेल तर पहिल्या दालनातून हलू नका.

गर्दी अर्थातच मोठ्या सांगाड्यांभोवती असते. फोटो तिथेच काढले जातात. पहिल्या दिवशी आम्हीही तेच केलं. मग नातीने एका बदकचोची डायनासोरच्या जबड्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, याला दात किती?" मी मोजायला गेले आणि तिथेच अडकले.

माणसाच्या तोंडात बत्तीस दात, एकदा पडले की संपलं. माझा सगळा धंदाच त्यावर चालला. या प्राण्यांच्या जबड्यात दात एका ओळीत नसतात, उभ्या रांगांमध्ये एकावर एक रचलेले असतात. वरचा झिजला की खालचा सरकत वर येतो. अशा कितीतरी रांगा शेजारी शेजारी, घट्ट बसवलेल्या, एकूण दात काही शे. जबडा आतल्या बाजूने पाहिला तर छोट्या हिऱ्याच्या आकाराच्या फरश्या बसवल्यासारखं दिसतं. चावायचा पृष्ठभाग मात्र सलग, जात्याच्या पाळीसारखा. मी बराच वेळ काचेला नाक लावून उभी होते. त्यातला एकेक दात माझ्या करंगळीच्या नखाहून रुंद नव्हता. अडीच-तीन दात मध्येच गळून गेले होते, आणि त्या खाचांमधून खालच्या रांगेची टोकं वर डोकावत होती. सात कोटी वर्षांपूर्वीची ती नवी खेप, वर यायची वाट पाहत दगड झालेली.

घरी आल्यावर वाचलं तेव्हा आणखी दोन गोष्टी कळल्या. आपल्या दातात इनॅमल, डेंटिन आणि सिमेंटम असे तीन कठीण थर असतात. बदकचोची डायनासोरांच्या दातात सहा प्रकारचे थर असतात, असं २०१२ साली संशोधकांनी दाखवलं. प्रत्येकाचा कठीणपणा वेगळा, म्हणून झीजही वेगवेगळी, आणि त्यामुळे चावता चावताच दातावर धारदार कंगोरे तयार होत. धार लावायला वेगळं काही नको. दुसरी गोष्ट, हे शेकडो दात एकमेकांना सिमेंटने चिकटलेले नसून बारीक तंतूंनी बांधलेले होते. म्हणजे जबडा चावताना किंचित दबत असणार. आम्ही कवळीत दात घट्ट बसवतो आणि पेशंट म्हणतो, खाताना दगडावर दगड आपटल्यासारखं वाटतं. ती तक्रार मी अठ्ठावीस वर्षं ऐकली. या प्राण्याकडे तिचं उत्तर होतं.

आता मुद्द्यावर येते. मेक्सिकोत डायनासोर होते हे नवं नाही. कोआविलातल्या शिंगवाल्या डायनासोरच्या हाडांचं वर्णन जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर यानेन्श यांनी १९२६ सालीच छापलं होतं. पण त्यानंतर कित्येक दशकं इथे सापडलेल्या हाडांना उत्तरेकडची नावं मिळत राहिली. अमेरिकेत, कॅनडात ज्या प्राण्यांची नावं आधी ठेवली गेली होती, त्यातलं जवळचं नाव इथल्या तुकड्याला लावायचं आणि खण बंद करायचा. मुद्दाम कुणी केलं असं नाही. तुकडे अर्धवट, अभ्यास करणारी माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. पण त्याचा परिणाम असा झाला की मेक्सिकोचे स्वतःचे असे डायनासोर जणू नव्हतेच.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुन्हा तोंडाचंच आहे. एका बदकचोची प्राण्याच्या थोबाडाचा पुढचा भाग बरीच वर्षं क्रिटोसॉरस या नावाखाली ठेवला होता. क्रिटोसॉरस हा मूळचा न्यू मेक्सिकोचा, म्हणजे सीमेपलीकडचा प्राणी. २०२४ मध्ये काही संशोधकांनी तोच तुकडा नव्याने पाहिला. चोच फार जाड, पुढून खाली वळलेली. आणि वरच्या चोचीच्या आत, टाळूच्या बाजूला, दातांसारखे दिसणारे हाडाचेच उंचवटे. क्रिटोसॉरसपेक्षा वेगळं. चिवट, राठ पाला तोडायला घडलेलं तोंड. त्याचं नवं नाव ठेवलं कोआविलासॉरस लिपानी. पहिला शब्द राज्यावरून, दुसरा या प्रदेशातल्या लिपान अपाची या आदिवासी लोकांवरून. प्राणी सुमारे आठ मीटर लांब. नवीन खोदकाम नाही, नवी टेकडी नाही. होतं तेच हाड, फक्त कुणीतरी टाळूकडे नीट पाहिलं.

आमच्या लॅबमध्ये ठसा आला की आम्ही आधी टाळू बघायचो. टाळूच्या वळ्या कुठल्याही दोन माणसांच्या सारख्या नसतात, ठशावरचं नाव पुसलं गेलं तरी त्यावरून पेशंट ओळखता येतो. म्हणून ही हकिकत वाचली तेव्हा मला फार आनंद झाला. मी ती जावयाला दोनदा सांगितली, मुलीला फोनवर सांगितली.

उलट गोष्टही घडलेली आहे आणि तीही सांगायला हवी. २०१२ साली लातिरिनुस नावाचा एक मेक्सिकन बदकचोची डायनासोर जाहीर झाला, रुंद नाकाचा म्हणून. २०२१ मध्ये त्याच हाडांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसलं की ती हाडं एका प्राण्याची नाहीतच, वेगवेगळ्या प्रकारच्या प्राण्यांची एकत्र आलेली आहेत. एकाचा वरचा ठसा आणि दुसऱ्याचा खालचा एकाच ट्रेमध्ये गेला तर काय होतं ते मला माहीत आहे. चावा कधीच जुळत नाही. इथे तो जुळत नाही हे कुणीतरी कबूल केलं आणि छापलं. मला या लोकांबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

संग्रहालयात काचेआड प्रयोगशाळेचं काम बघता येतं. आम्ही गेलो तेव्हा आत एक मुलगी भिंगाखाली काम करत होती. हातात हवेवर चालणारी बारीक छिन्नी, आवाज थेट आमच्या हँडपीसचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा. शेजारच्या ट्रेमध्ये काय होतं? प्रोब, स्केलर, मेण कापायची सुरी. सगळी दातांची हत्यारं! माझ्या टेबलावरून उचलून नेल्यासारखी. ती एका मणक्यावरचा राखाडी गाळ खरवडत होती, एका वेळी तीळभर, मग ब्रशने झटकायची, मग तडा दिसला की पातळ गोंद थेंब थेंब सोडायची आणि थांबायची. गोंद आत मुरेपर्यंत ती हाडाला हात न लावता नुसती बघत होती. ते थांबणं मी ओळखते. घाई केली की कड तुटते, आणि तुटलेली कड कुणी परत आणून देत नाही. पाऊण तासात तिने नखाएवढी जागा साफ केली. नात कंटाळून पुढे गेली, मी तिथेच. निघताना मी हात केला, तिने छिन्नी खाली ठेवून हात केला.

त्याच दालनात कोआविलातल्या इतर प्राण्यांची ओळख होते. वेलाफ्रॉन्स कोआविलेन्सिस, २००७ साली नाव मिळालेला, कपाळावर शिडासारखा तुरा असलेला. जो नमुना सापडला तो पूर्ण वाढलेलाही नव्हता. आणि कोआविलासेराटॉप्स माग्नाकुएर्ना, २०१० सालचा. माग्नाकुएर्ना म्हणजे मोठी शिंगं. डोळ्यांवरची ती शिंगं सव्वा मीटरच्या जवळपास असावीत असा अंदाज आहे. नातीची उंची एक मीटर सव्वीस. तिने आपल्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून "एवढं शिंग?" असं विचारलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

येवेकाउसेराटॉप्स मुदेई हा त्याचाच धाकटा नातलग, अवघा तीन मीटरचा, २०१७ साली जाहीर झालेला. येवेकाउ हा नावात्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ पुरातन. मुदेई हे या संग्रहालयाच्या आद्याक्षरांवरून. चिलखती आकान्थोलिपानचं नाव २०१८ मध्ये ठेवलं, त्यातही लिपान लोक आहेत. पाराझेनिसॉरस नॉर्मालेन्सिस तर इथल्या शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलच्या सन्मानार्थ. शिक्षकांच्या कॉलेजचं नाव डायनासोरला! माझी आई शिक्षिका होती, मला हे फार भावलं.

पण नावांमध्ये माझं सगळ्यात आवडतं नाव त्लातोलोफस गालोरुम. हेनेराल सेपेदा तालुक्यात २०१३ साली एका शेपटीचे मणके ओळीने जमिनीतून वर आलेले दिसले. संशोधकांना वाटलं शेपटीच मिळेल. खोदत गेले तर पुढे मांडीचं हाड, खांद्याचं हाड निघालं, आणि मग कवटीचे तुकडे. तुरा जवळपास पूर्ण जुळला, लांबी १.३२ मीटर. तो मागे जाऊन खाली वळतो, मोठ्या स्वल्पविरामासारखा. प्राचीन मेक्सिकोच्या चित्रपोथ्यांमध्ये माणूस बोलतो आहे हे दाखवायला त्याच्या तोंडापुढे असाच वळणदार स्वल्पविराम काढत. म्हणून नाव नावात्ल भाषेतलं त्लातोल्ली, म्हणजे शब्द, आणि ग्रीक लोफोस, म्हणजे तुरा. शब्दाचा तुरा. हे नुसतं सुंदर म्हणून नाही. हा तुरा आतून पोकळ, नाकातून येणारी श्वासाची वाट त्यातून वळसे घेत जाते, आणि असे प्राणी त्यातून घुमणारा आवाज काढत असावेत. बोलणाऱ्या प्राण्याला बोलण्याची खूण. गालोरुम हे गार्सा आणि लोपेस या दोन कुटुंबांच्या आद्याक्षरांवरून आलं, ज्यांनी या कामाला हातभार लावला. सगळं मिळून नाव २०२१ मध्ये जाहीर झालं, शेपूट दिसल्यापासून आठ वर्षांनी.

आठ वर्षं तरी बरी. लाबोकानिया आगियोने या शिकारी डायनासोरची हाडं २००० साली मार्ता कारोलिना आगियोन यांना सापडली आणि नाव मिळालं २०२४ मध्ये, त्यांच्याच नावावरून. टी. रेक्सच्याच घराण्यातला, पण सहा मीटरच्या आसपास. लाबोकानिया हे कुळ त्याआधी फक्त मेक्सिकोच्याच बाहा कॅलिफोर्निया राज्यातल्या १९७४ सालच्या एका अर्धवट, जाड कवटीच्या तुकड्यांवरून माहीत होतं आणि ते नेमकं कुणाचं यावर पन्नास वर्षं एकमत होत नव्हतं. कोआविलातल्या हाडांनी ते मिटायला मोठी मदत केली. एका बाईने चोवीस वर्षं आधी उचललेले तुकडे, आणि त्यांनी सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या जुन्या कोड्याला हात घातला.

आता टेकडी. रिंकॉन कोलोराडो साल्तियोच्या पश्चिमेला, हेनेराल सेपेदा तालुक्यात आहे, गाडीने तासाभराच्या आत. यावेळी कंपनी वगैरे नको म्हटलं, जावयाने सुट्टी काढली. टेकडीवर वाटाड्यासोबत जायचं असतं आणि ते योग्यच आहे. आमचे वाटाडे त्याच भागातले, साठीच्या पुढचे. मला "सेन्योरा" म्हणत आणि प्रत्येक उंच पायरीला हात पुढे करत. मला कामापुरतीच स्पॅनिश येते. ते बोलत आणि नात माझ्यासाठी मराठीत सांगत जाई. काही शब्द तिला मराठीत माहीत नव्हते, तिथे ती हाताने आकार काढून दाखवी.

सकाळीच जा. जागा उंचावर असल्याने हवा गार वाटते आणि ऊन किती लागतंय ते कळत नाही. लांब पँट घाला, कारण लेचुगिया नावाची पात्याच्या टोकाला सुई असलेली झुडपं बरोबर नडगीच्या उंचीवर असतात. मला दोनदा टोचली. चपला नकोत.

वाटाड्यांनी पहिल्यांदा दाखवलं ते हाड नव्हतं, शिंपले होते. वाळवंटात, समुद्रापासून इतक्या दूर, उतारावर ऑयस्टरचे शिंपले पसरलेले, आणि गोगलगायींचे शंख. या थरांना सेर्रो देल पुएब्लो म्हणतात, वय सुमारे सात कोटी वीस-तीस लाख वर्षं. तेव्हा उत्तर अमेरिका खंड मधल्या समुद्राने दोन भागांत चिरलेला होता आणि हा भाग पश्चिमेकडच्या अर्ध्या खंडाच्या दक्षिणेकडे, अगदी किनाऱ्यावर. खाड्या, दलदल, खारं आणि गोडं पाणी मिसळणारी जागा. डायनासोर मेले, वाहत येऊन चिखलात रुतले, त्यांच्या हाडांशेजारी शिंपले बसले. म्हणूनच हे प्राणी उत्तरेकडच्यांपेक्षा वेगळे असावेत असं शास्त्रज्ञांना वाटतं. खंड एकच, पण हवा वेगळी, झाडं वेगळी, खाणं वेगळं. मला त्या क्षणी कोआविलासॉरसची जाड चोच आठवली.

मग हाड. वाटाडे वाकले, एका जागी बोट ठेवलं. मला काही दिसलं नाही. त्यांनी बाटलीतून बोटावर पाणी घेऊन एक थेंब सोडला. मातीचा रंग लाल गडद झाला आणि त्यात एक तपकिरी-जांभळट तुकडा उठून दिसला, अंगठ्याएवढा, कडेला बारीक छिद्रांची जाळी. हाडाच्या आतली जाळी. आमच्या कामात दात काढलेल्या जागेच्या एक्स-रेमध्ये दिसते तशीच. पाणी वाळलं, तुकडा पुन्हा मातीत मिसळला. आणखी थेंब सोडला, पुन्हा दिसला. असं आम्ही तीनदा केलं.

वेलाफ्रॉन्स याच रिंकॉन कोलोराडोच्या परिसरातून निघाला. हाड काढायची रीत वाटाड्यांनी समजावली: भोवतीची माती कोरून हाड चबुतऱ्यावर आणायचं, त्यावर आधी ओला कागद, मग प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, वाळलं की खालून कापून उलटं करायचं. ओला कागद कशासाठी हे त्यांनी नातीला विचारलं. उत्तर मी दिलं, मोडक्या स्पॅनिशमध्ये: नाहीतर प्लॅस्टर हाडाला चिकटेल. आम्ही साच्याला सेपरेटर लावतो ते त्यासाठीच. ते हसले आणि त्यानंतर बाकीची सगळी वाट त्यांनी तांत्रिक गोष्टी माझ्याशीच बोलल्या. किती वेळात सेट होतं, थंडीत काय करता, पाणी कोमट घेता का. भाषा अपुरी होती तरी प्लॅस्टरबद्दल आम्ही अर्धा तास बोललो.

उतरताना नातीने एक शंख खिशात टाकला. वाटाड्यांनी तो पाहिला, रागावले नाहीत, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि शांतपणे सांगितलं. मेक्सिकोत जीवाश्म देशाच्या मालकीचे असतात. वारसास्थळांचा १९७२ चा कायदा १९८६ मध्ये जीवाश्मांनाही लागू झाला आणि त्यावर आयएनएएच ही राष्ट्रीय संस्था लक्ष ठेवते. उचलायचं नाही, विकायचं नाही, देशाबाहेर न्यायचं नाही. पण त्यांनी नातीला कायद्याचं नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, हा शंख कुठल्या थरात होता हेच त्याचं नाव आहे; तू घरी नेलास की तो मुका होईल. तिने स्वतःहून तो परत ठेवला, आणि ज्या खाचेतून उचलला होता त्याच खाचेत, तोंड त्याच बाजूला करून.

मला स्वतःला तेव्हा जुनी गोष्ट डोळ्यांसमोर आली. बाहा कॅलिफोर्नियात एल रोसारियोजवळ सापडलेला, साडेबारा मीटरचा, रुंद उंच शेपटीचा एक प्रचंड बदकचोची प्राणी. १९८१ मध्ये त्याला कॅनडातल्या लँबिओसॉरसच्या खात्यात, तेही प्रश्नचिन्ह लावून टाकलं. २०१२ मध्ये त्याला स्वतःचं कुळ मिळालं, माग्नापाउलिया. त्याची हाडं लॉस एंजेलिसमध्ये आहेत. कोआविलात सापडलेलं बरंचसं आता कोआविलातच राहतं, आणि गावच्या मुलीला काचेपलीकडून ते साफ होताना बघता येतं. हा फरक मोठा आहे.

मिचोआकानमधला वेवेकानाउत्लुस, अर्थ प्राचीन बदक, आणि सोनोरातला तोतोत्लमिमुस, ज्याच्या नावात पक्ष्यासाठीचा नावात्ल शब्द आहे, हे मला इथे बघायला मिळाले नाहीत. ते त्यांच्या राज्यांचे. २०२५ मध्ये जाहीर झालेला मेक्सिड्राकॉन मात्र याच सेर्रो देल पुएब्लोच्या थरांतला, शहामृगासारख्या बांध्याचा, पंजाची हाडं विलक्षण लांब. आमची तिसरी फेरी झाली तेव्हा नातीला त्याचं नाव पाठ होतं आणि तिने ते दालनातल्या दुसऱ्या एका मुलाला म्हणायला शिकवलं.

जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. संग्रहालयाला किमान तीन तास ठेवा, लहान मूल सोबत असेल तर दोन वेगवेगळे दिवस. निघण्याआधी त्या दिवशी ते उघडं आहे ना, बघून घ्या. टेकडीसाठी आधी चौकशी करून वेळ ठरवा आणि स्वतःची गाडी न्या. डोक्याला टोपी, माणशी दोन लिटर पाणी. परत येताना साल्तियोत पान दे पुल्के घ्या, मागुए म्हणजे घायपाताच्या आंबवलेल्या रसावर फुगवलेला तो गोडसर पाव. गरम असताना घ्या, थंड झाल्यावर ती चव राहत नाही.

एक तक्रार आहे. शहरात एका खेळण्यांच्या दुकानात आम्ही नातीसाठी तिचा त्लातोलोफस शोधायला गेलो. सत्तर-ऐंशी डायनासोर मांडलेले होते. टी. रेक्स, स्टेगोसॉरस, ब्रॅकिओसॉरस, पुन्हा टी. रेक्स. एकही असा नव्हता जो त्या दुकानापासून तासाभराच्या अंतरावर खरोखर राहिला होता. दुकानदाराला नाव सांगितलं, त्याने लिहून घेतलं, पण मागवणार कुठून? मला याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. नात काही बोलली नाही. रिकाम्या हाताने बाहेर आली.

मग मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन किलो प्लॅस्टर आणलं. मुलीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, मेणाऐवजी मुलांची माती घेतली आणि नातीने काढलेल्या चित्रावरून तुऱ्याचा साचा केला, शेपटाकडे खाली वळणारा, स्वल्पविरामाचा. प्लॅस्टर तिने ओतलं. बुडबुडे काढायला वाटी ओट्यावर हळूहळू आपटायची असते, ते मी तिला शिकवलं. पहिला तुरा टोकाशी तुटला, कारण तिने लवकर उघडला. दुसरा आज सकाळी ओतलाय, खिडकीत वाळत ठेवलाय, आणि ती दर दहा मिनिटांनी येऊन त्याला नखाने वाजवून बघते आहे.